ट्रायेज आणि परिचारिका

रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णांपैकी कोणाला तत्काळ उपचार हवेत आणि कोण थोडा वेळ थांबू शकतो, हे प्रकृतीच्या गांभीर्यावरून ठरवण्याच्या पद्धतीला ट्रायेज म्हणतात. निवडणे, वेगळे काढणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द आला. आधी आला, ओळखीचा निघाला किंवा मोठ्याने ओरडला म्हणून कोणाचा नंबर आधी लागत नाही, हे या पद्धतीचे मूळ तत्त्व. जगभरात हे काम प्रामुख्याने परिचारिका करतात. त्यामुळे ट्रायेजचा दर्जा हा बऱ्याच अंशी त्यांच्या ज्ञानाचा दर्जा असतो.

इतिहास : नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक झां लारे (१७६६–१८४२) यांनी जखमी सैनिकांचा हुद्दा न पाहता जखमेचे गांभीर्य पाहून उपचारांचा क्रम लावण्याचा आग्रह धरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागरी रुग्णालयांतील गर्दी वाढली, तेव्हा रणांगणावरची ही रीत तिथेही आली. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इंग्लंड आणि अमेरिकेत १९९० च्या दशकात पाच स्तरांच्या मोजपट्ट्या तयार झाल्या. यांपैकी इंग्लंडमधील मँचेस्टर पद्धतीत रुग्णाच्या मुख्य तक्रारीनुसार तक्ते असतात आणि लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे रंग दिले जातात. लाल रुग्णाला लगेच, तर नारिंगी रुग्णाला १० मिनिटांत डॉक्टरांनी पाहावे, अशी अपेक्षा असते. अमेरिकेतील ‘इमर्जन्सी सिव्हिअरिटी इंडेक्स’मध्ये जिवाचा धोका आधी तपासतात. तो नसेल, तर रुग्णाला रक्ततपासणी, एक्स-रे, सलाईन अशी किती प्रकारची साधने लागतील, याचा अंदाज परिचारिका बांधते. हा अंदाज अनुभवाशिवाय जमत नाही. केपटाउनमध्ये घडलेली दक्षिण आफ्रिकी मोजपट्टी डॉक्टर कमी असलेल्या ठिकाणांचा विचार करून बनवली आहे. तीत श्वास, नाडी, रक्तदाब, तापमान, शुद्ध, हालचाल आणि इजा यांना गुण दिले जातात.

आवश्यक ज्ञान : श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास पुरेसा आहे का, रक्ताभिसरण ठीक आहे का आणि रुग्ण शुद्धीवर आहे का, हे परिचारिकेने याच क्रमाने पाहायचे असते. यातली श्वासाची गती सर्वांत दुर्लक्षित राहते. घाईच्या वेळी ती न मोजताच अंदाजाने लिहिली जाते. प्रकृती ढासळू लागल्याचा इशारा मात्र अनेकदा तीच सर्वांत आधी देते. यंत्रांच्या मर्यादाही माहीत असाव्या लागतात. धुरात कोंडलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असला, तरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवू शकतो. मधुमेही वृद्धेला हृदयविकाराचा झटका आला, तरी छातीत न दुखता केवळ धाप, घाम किंवा मळमळ होऊ शकते. नाडी आणि श्वासाचे मोठ्यांचे आकडे तान्ह्या बाळाला लावता येत नाहीत आणि तीन महिन्यांखालील बाळाचा ताप कधीच किरकोळ धरायचा नसतो.

मण्यार सापाच्या दंशात या ज्ञानाची कसोटी लागते. जमिनीवर झोपलेला शेतमजूर पहाटे पोटात दुखते, उलटी झाली म्हणून येतो. अंगावर सूज नाही, दाताची खूणही दिसत नाही. वरवर पाहता ही साधी पोटदुखी वाटते. जाणती सिस्टर रात्री कुठे झोपला होता ते विचारते आणि त्याला वर बघायला सांगते. पापण्या उचलत नसतील, गिळायला त्रास होत असेल, तर तो रुग्ण बाकावर न थांबता थेट लाल विभागात जातो. कारण पुढे श्वासाचे स्नायू निकामी होण्याची भीती असते. कीटकनाशकाच्या विषबाधेत टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, तोंडाला सुटलेली लाळ आणि कपड्यांचा वास असाच इशारा देतात.

चुका आणि मोजमाप : गंभीर रुग्णाला खालचा स्तर देणे ही जिवावर बेतणारी चूक. सौम्य आजाराच्या रुग्णाला वरचा स्तर दिला, तर खाट आणि मनुष्यबळ अडकून पडते. उत्तर कॅलिफोर्नियातील २१ रुग्णालयांत झालेल्या ५० लाखांहून अधिक भेटींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३ टक्के रुग्णांना कमी, तर सुमारे २९ टक्के रुग्णांना जास्त गंभीर ठरवले गेल्याचे आढळले. परिचारिकांचे ज्ञान तपासण्यासाठी प्रश्नावल्या आणि काल्पनिक रुग्णांची वर्णने वापरतात. एकाच रुग्णाला दोन परिचारिका एकच स्तर देतात का, हेही पाहिले जाते. मात्र कागदावरचे अचूक उत्तर आणि रात्रपाळीच्या गर्दीत घेतलेला निर्णय यांत अंतर राहते. म्हणून झालेल्या नोंदींची नियमित फेरतपासणी हे शिक्षणाचे उत्तम साधन ठरते.

भारतातील स्थिती : परमानंद कटारा खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने जखमीला तातडीचे उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले. रेल्वेतून पडलेल्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवल्याच्या प्रकरणात १९९६ मध्ये याच न्यायालयाने असा नकार जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचे सांगितले. आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून २००९ मध्ये मान्य झाली. दिल्लीच्या एम्सने लाल, पिवळा आणि हिरवा अशी तीन स्तरांची पद्धत विकसित केली आहे. तरीही अनेक रुग्णालयांत कॅज्युअल्टीची ड्युटी फिरती असते. एका विभागातून दुसऱ्या विभागात गेलेल्या परिचारिकेबरोबर आधीच्या विभागातला अनुभवही निघून जातो. त्यातच ‘आमचा पेशंट आधी बघा’ म्हणणाऱ्या नातेवाइकांचा आणि वशिल्याचा दबाव असतो. परिचारिकेने कारणासह लेखी नोंद केलेली असेल आणि प्रशासन पाठीशी उभे असेल, तरच ती त्यापुढे ठाम राहू शकते.

महत्त्व : ट्रायेजचा रंग ही त्या घडीची नोंद असते; म्हणून थांबलेल्या रुग्णाला ठरावीक वेळाने पुन्हा तपासणे हा या कामाचाच भाग आहे. त्यामुळे ट्रायेजच्या टेबलावर नवख्या परिचारिकेला एकटे बसवू नये. या जागी प्रशिक्षित आणि अनुभवी परिचारिका प्रत्येक पाळीत असणे ही आपत्कालीन विभागाची पहिली गरज आहे.