चिन्हांचे रूपांतर : सावंतवाडीचा गंजिफा

संगणकावरील चिन्हचित्र एका फाइलप्रकारातून दुसऱ्यात नेताना बिंदूंची साठवण बदलते. चित्र तेच राहावे, ही अपेक्षा असते. संस्कृती मात्र नेमके उलट करते : साचा राखते आणि चित्र बदलते. सावंतवाडीचा गंजिफा हे त्याचे बोलके उदाहरण होय.

बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे रूढ झालेल्या मोगल गंजिफ्यात आठ रंगांची ९६ पाने असत. ताज, शमशेर, गुलाम, बरात ही त्यांवरील दरबारी चिन्हे. दशावतारी गंजिफ्यात रंग दहा झाले, पाने १२०. दरबाराच्या जागी मासा, कासव, परशू आले. पण राजा, प्रधान आणि एक ते दहा ही प्रत्येक रंगाची बारा पानांची रचना कायम राहिली. व्याकरण परके, शब्दसंग्रह आपला.

१९७०च्या दशकात, ही कला लोपण्याच्या बेतात असताना, शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात तिला आश्रय दिला. आज ही लाखेने चकाकणारी गोल पाने प्रामुख्याने शोभेची वस्तू म्हणून विकत घेतली जातात. खेळ जाणणारे विरळ. चित्रे वाचली, त्यांचे व्याकरण विसरले जात आहे. ग्रंथ जपून वाचक गमावणाऱ्या आपल्यासारख्या साहित्याच्या अध्यापकांना ही अवस्था अनोळखी वाटू नये.