जिंकलेले राज्य, पडीक शेत : सातवाहनांच्या पुनरुत्थानाची गोष्ट

१/ इसवी सनाच्या पहिल्या शतकात पश्चिम दख्खन सातवाहनांच्या हातून निसटले. क्षहरात क्षत्रप नहपानाची सत्ता नाशिक, जुन्नर, कार्ल्यापर्यंत पोहोचली. बंदरांचा व्यापारही विस्कटला. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार, कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात.

२/ ही सत्ता केवळ तलवारीची नव्हती. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात भिक्खूंसाठी लेणे कोरवले. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे त्याने ३,००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. तिच्या व्याजातून भिक्खूंची वस्त्रे आणि किरकोळ खर्च भागत असे. परकी राजवट अशी स्थानिक जीवनात मुरत चालली होती.

३/ पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा आहे. चांदी तीच राहिली, धनी बदलला.

४/ आता त्रिरश्मीच्या ३ क्रमांकाच्या लेण्यात येऊ. राज्यवर्ष १८. विजयी सेनेच्या छावणीतून राजा गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला आज्ञा देतो : पश्चिम काखडी गावातले, आजवर उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत भिक्खूंना द्यावे.

५/ त्याला जोडूनच दुसरी आज्ञा कोरली आहे. राज्यवर्ष २४. या वेळी राजासोबत राजमातेचेही नाव आहे. अमात्य आहे श्यामक. मजकूर असा : पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, गावात वस्तीही नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने जमीन द्यावी.

६/ विजयाला सहा वर्षे लोटली, तरी त्या शेतात नांगर फिरला नव्हता. याच लेण्यात गौतमी बलश्रीने पुढे आपल्या पुत्राची प्रशस्ती कोरवली. तिच्यातील सम्राटाचे घोडे तीन समुद्रांचे पाणी पितात. शेजारच्या आज्ञेतला राजा मात्र आपले दान निष्फळ ठरल्याचे मान्य करून ते बदलून देतो. राज्य सावरणे म्हणजे काय, हे प्रशस्तीपेक्षा ही आज्ञा अधिक नेमके सांगते.

७/ संकट संपले नव्हतेच. क्षत्रप रुद्रदामन्‌चा इ. स. १५० चा गिरनार येथील लेख सांगतो की, त्याने दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवले आणि निकटच्या नात्यामुळे सोडून दिले. तरीही त्रिरश्मीवर पुढे यज्ञ सातकर्णीच्या ७ व्या राज्यवर्षाचा लेख कोरला गेला. नाशिक अजून सातवाहनांचेच होते.