सिंधू आणि सुलोचना : शोकनाट्यातील पदयोजनेविषयी काही विचार

विनायक दामोदर सावरकर यांची १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या कारागृहातून सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही व राजकारणात भाग घ्यावयाचा नाही, या अटींवर. ही स्थानबद्धता १९३७ पर्यंत टिकली. या तेरा वर्षांत ‘उःशाप’ (१९२७), ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) व ‘उत्तरक्रिया’ (१९३३) ही त्यांची तीन नाटके रंगभूमीवर आली. त्यांपैकी ‘संन्यस्त खड्ग’ हे बलवंत मंडळीचे नाटक. पदे स्वतः नाटककाराची, चाली सावंतवाडी संस्थानात जन्मलेल्या रामकृष्णबुवा वझे यांच्या आणि सुलोचनेची भूमिका मास्टर दीनानाथांची. या नाटकातील वैचारिक वादाची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्यातील पदांकडे मात्र मैफलीची पदे म्हणूनच पाहण्याचा प्रघात पडला. शोकान्त नाटकात नायिकेच्या वाट्याला कोणती गाणी यावीत, कोणत्या क्रमाने यावीत व तिच्या दैवाच्या फेऱ्याबरोबर ती बदलावीत की नाही, हा प्रश्न त्यामुळे बाजूस पडला. तो विचारावयाचा तर सुलोचनेशेजारी बारा वर्षांपूर्वीच्या सिंधूला उभे करणे अपरिहार्य होय.

मराठीत शोकनाट्य आले ते प्रथम गद्याच्या वाटेने. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) आणि देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) ही शेक्सपिअरची रूपांतरे गद्यनटांनी गाजविली. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून सुरू झालेली संगीत नाटकाची परंपरा मुख्यतः मीलनान्त कथानकांवर पोसली होती. या विभागणीला कारण होते. शेक्सपिअरची ऑफेलिया गाते ती तिचे भान हरपल्यावर; डेस्डेमोना गाते ती मृत्यूच्या रात्री. तेथे गाणे म्हणजे बोलण्याला पडलेला तडा. आपल्या संगीत नाटकाची नायिका प्रवेश करताच गाते, रुसली तरी गाते, पतीला निरोप देतानाही गाते. जिचे बोलणेच गाणे आहे, तिचा ऱ्हास गाण्यातून दाखवावयाचा कसा? ती गाऊ लागली, एवढ्याने प्रेक्षकास काहीच कळत नाही. ती काय गाऊ लागली, यानेच काय ते कळावयाचे.

‘एकच प्याला’ने हे उत्तर शोधले, पण ते कोणा एकाने शोधले असे म्हणता येत नाही. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले. वय अवघे तेहतीस. नाटकाचे गद्य पुरे झाले होते. पदे लिहिण्याइतके आयुष्य उरले नाही. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. चालींची निवड बालगंधर्वांची, आणि त्या निवडीत ठुमरी, गझल व लावणी या गायनप्रकारांवर प्रभुत्व असलेल्या सुंदराबाई जाधव यांचा वाटा मोठा होता. २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास पहिला प्रयोग झाला. चाल आधी व शब्द मागून, असाच पुष्कळसा क्रम होता. एरवी या क्रमाने नाटकाची हानीच होते, आणि ‘एकच प्याला’तही काही पदे केवळ चालीच्या सोयीने बसलेली, शब्दांनी अवघडलेली आहेत, हे मान्य करावयास हवे.

तरीही सिंधूची पदे सलग वाचली असता एक उतरण स्पष्ट दिसते. आरंभीची सिंधू सुखवस्तू घरातील लेक व वकिलाची पत्नी आहे. तिच्या पदांत संस्कृतप्रचुर शब्द, नटवी वळणे आणि विस्ताराला मोकळी जागा आहे. सुधाकराची सनद काही काळापुरती रद्द होते, तळीराम प्याला पुढे करतो, आणि घर खचू लागते. माहेरी चल म्हणणाऱ्या भावाला ती नकार देते, त्या वेळचे भैरवीतील पद हा तिच्या गायनाचा कळस होय. त्यानंतर दारिद्र्य येते, दळणकांडण येते, आणि गाणे घरगुती होते. ओवीच्या व अंगाईच्या वळणाची पदे, बाळाला घास भरवताना म्हणावयाचे पद, ही दरबारात शोभणारी नव्हेत. त्यांना तानेची जागा नाही. कोकणातील असो वा देशावरील, कोणतीही बाई पहाटे जात्यावर म्हणेल असे ते गाणे आहे. उंची वस्त्रांसाठी विख्यात असलेले बालगंधर्व या भूमिकेत ठिगळांचे लुगडे नेसत, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. परंतु लुगड्याआधी गाण्याने ठिगळ लावून घेतले होते, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. शेवटी पोलीस येतात तेव्हा पतीस वाचविण्यासाठी सिंधू खोटा जबाब देते. तिचे सर्वांत मोठे कृत्य असे गद्यात घडते.

ही उतरण योजिली कोणी? गुर्जरांना सारे श्रेय देता येत नाही, चाल निवडणाऱ्यांनाही नाही. जागा गडकऱ्यांच्या गद्याने आखून ठेवल्या होत्या, असेच म्हणावे लागते. मूल मांडीवर आणि घरात दाणा नाही, अशा प्रसंगी ख्यालाच्या अंगाची चाल बसविणे बालगंधर्वांसारख्या लोकप्रिय गायकालाही शक्य झाले नसते. सुधाकराचे पतन तर मुख्यतः गद्यातच ठेवलेले आहे; तो स्वगतांतून कोसळतो, ती पदांतून.

‘संन्यस्त खड्गा’त परिस्थिती उलट आहे. येथे कवी व नाटककार एकच. म्हणजे पदयोजना अधिक एकसंध असावयास हवी. शब्दांपुरती ती आहेही. नवपरिणीत सुलोचनेचा शृंगार, वल्लभ युद्धावर गेल्यावरची तिची तगमग आणि पुढे पुरुषवेष घेऊन तिचे रणभूमीकडे जाणे, या पायऱ्या शब्दांत उमटल्या आहेत. पण वझेबुवांच्या चाली आरंभापासूनच रागदारीच्या उंच पठारावर आहेत आणि तेथून त्या खाली येत नाहीत. दीनानाथांचा पल्लेदार, आक्रमक गळा त्या पठारासाठीच घडलेला. पुरुषवेषातील सुलोचनेला तो विलक्षण शोभला असणार. विरहिणी सुलोचनेपुढे मात्र तो काहीसा अधिक प्रकाश टाकतो. तिचा प्रवास वेषांतरात व शब्दांत दिसतो, स्वरांत क्वचितच. ही पदे नाटकापासून सुटून मैफलीत निर्वेध जगली, याचे कारणही तेच.

हा भेद केवळ अभ्यासिकेतला नाही. रात्रभर चालणारी नाटके पुढे तीन तासांत बसवावी लागली. रत्नागिरीच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग झाले आहेत, आणि तेथे उतरणाऱ्या प्रत्येक हौशी संस्थेपुढे काय ठेवावे व काय गाळावे हा प्रश्न येतोच. ‘संन्यस्त खड्गा’तील एखादे पद कमी केले तर एक सुंदर पद कमी होते. ‘एकच प्याला’त तसे नाही. गायिका तयारीची असली की भैरवी राहते, वन्समोअरही मिळतो. कात्री चालते ती बाळाच्या साध्या पदावर, कारण त्यात गायकी दाखविण्यास वाव नसतो. मग सिंधू सबंध नाटकभर एकाच उंचीवर गात राहते आणि अखेरीस एकाएकी मरते. ते साधे पद रंगमंचावर फार वेळ घेत नाही. पेटीची साथही त्यास बेताचीच पुरते.