करवीरचे दप्तर

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर ऊर्फ करवीर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा खजिना आणि इमारती यांच्याबरोबर या राज्याची जुनी दप्तरेही नव्या सरकारच्या स्वाधीन झाली. विलीनीकरणाच्या इतिहासात या हस्तांतराची वार्ता फारशी कोणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

कारभाराची माहिती दरबारात कोणा एकाच्या ठायी कधीच नव्हती. पत्रव्यवहार चिटणिसाकडे, हिशेब फडणिसाकडे, रोकड पोतनिसाकडे आणि जमीन-वतनांचा तपशील गावोगावच्या कुलकर्ण्यांकडे, अशी ती विखुरलेली असल्यामुळे एखाद्या इनामाचा तंटा हुजुरात आला, की ठिकठिकाणचे कागद मागवून ते एकमेकांशी ताडून पाहणे क्रमप्राप्त होई. हे कागद जतन होत ते रुमालांत. चौकोनी कापडाची टोके बांधून केलेल्या त्या गाठोड्यात पुडकी असत. परंतु गाठ सोडली म्हणजे माहिती हाती आली असे नव्हे. आडव्या रेघेखाली, बोरू शक्यतो न उचलता, धावत गेलेली मोडी अक्षरे ज्याला लागतात आणि 'इसन्ने खमसैन मया व अलफ' म्हणजे सुहूर सन ११५२, अर्थात इ. स. १७५१-५२, हा हिशेब ज्याच्या जिभेवर आहे, त्यालाच तो कागद बोलका होतो. अमुक प्रकरण कोणत्या रुमालात, हे जाणणारा वृद्ध कारकून निवर्तला, की कागद शाबूत असूनही ते प्रकरण हरवल्यातच जमा होई. त्या व्यवस्थेचे हे मोठेच वैगुण्य होते.

छापखान्याने त्यावर काही अंशी उपाय केला. मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी शेकडा ५० जागा राखून ठेवण्याचा राजर्षी शाहू महाराजांचा हुकूम २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. तो एखाद्या रुमालातच राहिला असता, तर ज्यांच्यासाठी काढला त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासही त्याला कारकुनाची मर्जी लागली असती. पुढे १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी 'ताराबाईकालीन कागदपत्रे' संपादून प्रसिद्ध केली. कुलगुरुपदाचा व्याप सांभाळून केलेले हे काम मला फार मोलाचे वाटते.

करवीर इलाख्यातील ज्या घरांच्या माळ्यावर अद्याप मोडी कागद पडून असतील, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी एकवार जाणकारास दाखवावेत, आणि शक्य त्या तरुणाने मोडी शिकून घ्यावी.