जाबिलुका : एका संमतीचा इतिहास
(काकाडू प्रदेशातील मिरार समाजाचा युरेनियम खाणींना विरोध, १९७६ ते २०२४)

प्रस्तावना

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतात, डार्विन शहराच्या पूर्वेस सुमारे अडीचशे किलोमीटर अंतरावर काकाडूचा प्रदेश पसरलेला आहे. वालुकाश्माचे उंच कडे, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी विस्तीर्ण मैदाने आणि शैलचित्रांनी भरलेले खडकांचे आडोसे यांसाठी हा प्रदेश विख्यात असून १९८१ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. या प्रदेशाच्या ऐन मध्यभागी, परंतु राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून वगळलेल्या दोन तुकड्यांवर रेंजर आणि जाबिलुका हे युरेनियमचे साठे आहेत. दोहोंत अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटरचे. दोन्ही जागा परंपरेने मिरार या एकाच आदिवासी समाजाच्या, आणि १९९१ नंतर दोन्हींचे खाणहक्कही एकाच कंपनीकडे. तरीही रेंजर येथे सुमारे चाळीस वर्षे युरेनियम निघत राहिले आणि जाबिलुका येथून व्यापारी उत्पादन एकदाही झाले नाही.

हा फरक कशामुळे पडला, याचे उत्तर बहुधा १९९८ च्या नाकेबंदीत शोधले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. १९७६ पासूनचे कायदे, करार आणि अहवाल क्रमाने पाहिले असता या संघर्षाचा खरा आस वेगळाच असल्याचे दिसते. जमिनीच्या मालकाची संमती म्हणजे काय, ती कोणी द्यायची, आणि एकदा मिळवलेली संमती पुढच्या पिढीवर बंधनकारक राहते काय, या प्रश्नांभोवती मिरारांचा सारा लढा फिरत राहिला.

नकाराधिकार आणि त्याला अपवाद

रेंजरचा साठा १९६९ मध्ये सापडला. जाबिलुका येथील साठे १९७१ व १९७३ मध्ये पॅनकॉन्टिनेंटल या कंपनीने शोधले. रेंजर प्रकल्पाचा विचार करण्यासाठी १९७५ साली न्यायमूर्ती फॉक्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. आयोगाने दोन अहवाल दिले, पहिला १९७६ मध्ये व दुसरा १९७७ मध्ये. दुसऱ्या अहवालातील एक निष्कर्ष या विषयाच्या अभ्यासकांना वारंवार थांबवतो. या भागातील आदिवासी खाणीच्या विरोधात आहेत, असे आयोगाने स्वच्छपणे नोंदवले आणि लगोलग असेही म्हटले की त्यांचा विरोध निर्णायक ठरू देऊ नये. विरोध लपवून ठेवणारे अहवाल सर्वत्र आढळतात. विरोध मान्य करून तो बाजूला सारणारा अहवाल विरळा, आणि त्याचे समर्थन करणे अधिक कठीण.

याच काळात, १९७६ साली, नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासींच्या भूमिहक्कांचा कायदा संमत झाला. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात तो निःसंशय मोठा टप्पा होय. परंपरागत मालकांना सामूहिक भूस्वामित्व मिळवण्याचा मार्ग त्याने खुला केला, त्यांच्या वतीने बोलणाऱ्या भूमी परिषदा स्थापन केल्या आणि खाणकामाला नकार देण्याचा अधिकारही दिला. परंतु त्याच कायद्याच्या एका पोटकलमाने रेंजर प्रकल्प या नकाराधिकारातून वगळला. म्हणजे ज्या जमिनीवरून वाद पेटला होता, नेमकी तीच जमीन अधिकाराच्या कक्षेबाहेर राहिली. भारतीय वाचकास येथे १९९६ च्या पेसा कायद्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यातही भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी केवळ विचारविनिमय करण्याची तरतूद आहे, आणि विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, हा वाद आपल्याकडे अद्याप मिटलेला नाही.

रेंजरबाबत मालकांच्या हाती उरले ते अटी ठरवण्यापुरते बोलणे. नॉर्दर्न लँड कौन्सिलने नोव्हेंबर १९७८ मध्ये करारावर सही केली आणि १९८१ पासून खाणीतून उत्पादन सुरू झाले. खाणीसाठी जाबिरू हे शहर वसवण्यात आले. मिरारांचे त्या वेळचे ज्येष्ठ टोबी गांगाले यांचा खाणीला विरोध होता. पण कायद्याने तो विरोध आधीच निष्प्रभ करून ठेवला होता.

१९८२ चा करार

जाबिलुकाची कायदेशीर स्थिती रेंजरहून भिन्न होती. येथे नकाराधिकार कागदोपत्री शाबूत होता. तरीही १९८२ मध्ये भूमी परिषद आणि पॅनकॉन्टिनेंटल यांच्यात करार झाला आणि कंपनीला ४२ वर्षांचा खाणपट्टा मिळाला. या कराराला मालकांची संमती होती, असे सरकार व कंपनी पुढे सातत्याने सांगत आल्या. मिरारांचे म्हणणे नेमके उलट होते. दीर्घकाळ चाललेल्या बैठकांनी आणि दडपणाने थकलेल्या माणसांकडून मिळवलेला होकार हा होकार नव्हे. रेंजर थांबवता आले नाही, तिथे हेही थांबणार नाही अशा हताशपणातून तो आला, अशी त्यांची भूमिका होती.

येथे इतिहासकाराने सावध राहावे हे खरे. गांगाले यांचे १९८८ मध्ये निधन झाले आणि त्यांच्या मनात त्या वेळी काय होते हे कोणत्याही दस्तऐवजातून पूर्णपणे कळणार नाही. तथापि एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. संमतीला अर्थ येतो तो नकार शक्य असल्यामुळे. शेजारच्याच जमिनीवर नकार कसा निरर्थक ठरवला गेला, हे चार वर्षांपूर्वी पाहिलेल्या समाजाला जाबिलुकाचा नकाराधिकार कितपत खरा वाटला असेल? १९८२ चा करार रेंजरच्या अनुभवापासून तोडून वाचता येत नाही.

कराराचा लाभ मात्र कंपनीला लगेच घेता आला नाही. १९८३ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला आणि १९८४ मध्ये त्याने केवळ तीन युरेनियम खाणींना मान्यता देण्याचे धोरण स्वीकारले. त्या तिघींत जाबिलुका नव्हती. १९९१ मध्ये रेंजर चालवणाऱ्या एनर्जी रिसोर्सेस ऑफ ऑस्ट्रेलिया (ई.आर.ए.) या कंपनीने पॅनकॉन्टिनेंटलकडून जाबिलुका विकत घेतली. १९९६ मध्ये हॉवर्ड यांचे सरकार आले, तीन खाणींचे धोरण संपुष्टात आले आणि १९८२ ची सही पुन्हा जिवंत झाली.

मधल्या काळात समाजात पिढी बदलली होती. गांगाले यांच्या कन्या इव्हॉन मार्गारूला आता मिरारांच्या ज्येष्ठ परंपरागत मालक होत्या. १९९५ मध्ये समाजाने गुंजेमी ॲबोरिजिनल कॉर्पोरेशन ही स्वतःची संस्था स्थापन केली. भूमी परिषदेच्या मध्यस्थीवर विसंबून न राहता स्वतः बोलायचे, हा त्यामागील हेतू. रेंजरच्या दीड दशकाचा हिशेबही त्यांच्यासमोर होता. खाणीचे स्वामित्वधन मिळत होते. पण घरे, शिक्षण, आरोग्य व मद्यपान या बाबतींत आदिवासींची स्थिती फारशी सुधारलेली नाही, असे १९९७ च्या काकाडू सामाजिक परिणाम अभ्यासातूनही पुढे आले.

१९९८ : आपल्याच जमिनीवर अतिक्रमण

मिरारांच्या निमंत्रणावरून मार्च १९९८ मध्ये जाबिलुका येथे नाकेबंदी सुरू झाली. सुमारे आठ महिन्यांत जवळपास ५,००० लोक तेथे येऊन गेले आणि ५०० हून अधिक जणांना अटक झाली. शहरांतून आलेले पर्यावरणवादी, विद्यार्थी, गायक, धर्मसंस्थांचे कार्यकर्ते असा तो विविधरंगी मेळा होता. अणुशक्तीविरोधी चळवळ व आदिवासी हक्कांची चळवळ यांची उद्दिष्टे प्रत्येक ठिकाणी जुळत होती असे नव्हे. मिरारांसाठी मुख्य प्रश्न देशाचा होता. ‘देश’ या शब्दात जमीन, पाणी, पूर्वज आणि अल्मुज हा इंद्रधनुषी सर्प ही सारी सामावलेली आहेत. पण निमंत्रक मिरार होते, ही गोष्ट आलेल्यांनी मानली, आणि चळवळीच्या टिकाऊपणाचे ते एक कारण होते.

त्या वर्षातील सर्वांत बोलका प्रसंग मात्र गर्दीचा नाही. मे १९९८ मध्ये खुद्द मार्गारूला यांना अन्य तिघांसह जाबिलुकाच्या खाणपट्ट्यावर प्रवेश केल्याबद्दल अटक झाली आणि त्यांच्यावर अतिक्रमणाचा आरोप सिद्ध झाला. अपिलातही निकाल बदलला नाही. १९७६ चा कायदा आदिवासींना परंपरेनुसार आपल्या भूमीवर प्रवेश करण्याचा व ती वापरण्याचा हक्क देतो, पण भूमीत हितसंबंध असलेल्या इतर व्यक्तीच्या उपभोगात त्यामुळे बाधा येता कामा नये, असेही सांगतो. वडिलांच्या काळात झालेल्या कराराने कंपनीला तो हितसंबंध मिळाला होता आणि त्याच आधारे मुलगी तिच्या भूमीवर अतिक्रमक ठरली. कायद्याच्या चौकटीत न्यायालयाचा निर्णय सुसंगत होता. चौकटीबद्दल तो फार काही सांगून गेला.

दरम्यान जून १९९८ मध्ये खाणीचे काम सुरू होऊन एक किलोमीटरहून अधिक लांबीचे उतरते भुयार खोदले गेले. लढा आता जागतिक वारसा समितीपुढे गेला. ऑक्टोबर १९९८ मध्ये फ्रान्सेस्को फ्रान्चोनी यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या पाहणी पथकाने खाणकाम पुढे नेऊ नये अशी शिफारस केली. जुलै १९९९ मध्ये पॅरिस येथील विशेष अधिवेशनात काकाडूला ‘धोक्यातील वारसा’ यादीत टाकण्याचे समितीने टाळले. ऑस्ट्रेलियन सरकारने त्यासाठी मोठी राजनैतिक मोहीम चालवली होती. वरवर पाहता हा मिरारांचा पराभव होता. परंतु त्या बदल्यात रेंजर व जाबिलुका येथे एकाच वेळी पूर्ण व्यापारी उत्पादन होणार नाही, असे आश्वासन सरकारला द्यावे लागले. त्याच वर्षी मार्गारूला व गुंजेमी संस्थेच्या जॅकी कटोना यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

गिरणीचा प्रश्न

नाकेबंदीच्या छायाचित्रांत न दिसणारी एक बाब निर्णायक ठरली. जाबिलुकाचे खनिज रेंजरच्या तयार गिरणीत नेऊन दळणे कंपनीला सर्वांत स्वस्त पडणार होते. पण त्यासाठी परंपरागत मालकांची नवी संमती आवश्यक होती आणि मिरारांनी ती दिली नाही. दुसरा मार्ग म्हणजे जाबिलुका येथेच वेगळी गिरणी उभारणे. तो खर्चिक होता, आणि युरेनियमचे भाव त्या वर्षांत पडलेले होते. १९८२ च्या करारात हरवलेला नकार असा एका तांत्रिक अटीच्या आडोशाने परत मिळाला. चळवळीच्या नैतिक बळाचे महत्त्व कमी न करता हे नोंदवायला हवे की ते बळ बाजारभावाच्या अनुकूल काळात पडले.

२००० मध्ये रिओ टिंटो या बहुराष्ट्रीय कंपनीने ई.आर.ए.ची मूळ कंपनी ताब्यात घेतली. २००३ मध्ये उपसलेले खनिज पुन्हा भुयारात भरून ते बंद करण्याचे काम सुरू झाले. फेब्रुवारी २००५ मध्ये मिरार, भूमी परिषद आणि कंपनी यांच्यात करार होऊन मिरारांच्या संमतीविना जाबिलुका विकसित करणार नाही, असे कंपनीने लेखी मान्य केले. संसदेने आणि न्यायालयाने न दिलेला अधिकार अखेर खाजगी करारातून मिळाला, हे या इतिहासातील एक विलक्षण वळण आहे. त्यातच त्याची मर्यादाही होती : खाणपट्टा रद्द झालेला नव्हता.

नंतरची वर्षे

फुकुशिमा येथील अणुदुर्घटनेनंतर, एप्रिल २०११ मध्ये, मार्गारूला यांनी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांना पत्र लिहिले. रेंजरचे युरेनियम जपानी वीजकंपन्यांना विकले जात होते. आपल्या भूमीतून निघालेल्या खनिजाचा त्या आपत्तीशी संबंध असावा याचे आपल्या समाजाला दुःख वाटते, असा त्या पत्राचा आशय होता. जे खनिज काढण्यास या समाजाने विरोध केला, त्याच्या परिणामांची खंतही त्यानेच व्यक्त केली.

डिसेंबर २०१३ मध्ये रेंजरच्या प्रक्रिया केंद्रातील एक टाकी फुटून सुमारे दहा लाख लिटर आम्लयुक्त गाळ बाहेर पडला. जानेवारी २०२१ मध्ये तेथील प्रक्रिया कायमची थांबली आणि त्याच वर्षी जाबिरूची जमीन मिरारांच्या स्वामित्वाखाली आली. रेंजरच्या पुनर्वसनाचा खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट वाढला. खाणीतून उरलेला किरणोत्सारी गाळ किमान १०,००० वर्षे पर्यावरणापासून अलग राहिला पाहिजे, अशी त्यावर अट आहे. जाबिलुकाच्या खाणपट्ट्यातच माजेडबेबे हा खडकाचा आडोसा आहे. तेथील मानवी वस्ती सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीची असल्याचे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९८२ च्या खाणपट्ट्याची मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपत होती. कंपनीने मुदतवाढीसाठी अर्ज केला, मिरारांनी त्यास विरोध केला, आणि जुलै २०२४ मध्ये संघ सरकारच्या सल्ल्यानुसार नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने मुदतवाढ नाकारली. लगेचच ही भूमी काकाडू राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट करण्याचा मनोदय पंतप्रधान अल्बानीज यांनी जाहीर केला. कंपनीने मुदतवाढ नाकारण्याच्या निर्णयास फेडरल न्यायालयात आव्हान दिले. टोबी गांगाले यांच्या हयातीत सुरू झालेला पट्टा त्यांच्या कन्येच्या हयातीत असा वादाच्या अखेरच्या टप्प्यावर आला.