दिनविशेष : १६ जुलै
१९९३ : ‘फ्री विली’ हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. आईने सोडून दिलेला बारा वर्षांचा जेसी नव्या पालक घरात रुळत नाही. जलक्रीडा उद्यानाच्या भिंती रंगवून खराब केल्याची शिक्षा म्हणून त्याला त्याच भिंती घासून काढाव्या लागतात. तिथे, काचेपलीकडे विली हा ओर्का, म्हणजे किलर व्हेल. जेसी माउथ ऑर्गन वाजवतो आणि कोणालाच दाद न देणारा तो अजस्र जीव काचेजवळ येतो. दिग्दर्शक सायमन विन्सर यांनी हे एकटेपण फार हळुवारपणे टिपले आहे.

विलीची भूमिका केलेल्या ‘केइको’ या ओर्काची खरी कथा मात्र पडद्यापेक्षा हृदयद्रावक. आइसलँडजवळ पकडलेला केइको चित्रपटाच्या वेळी मेक्सिको सिटीतील एका उद्यानात, अपुऱ्या आणि कोमट पाण्याच्या टाकीत होता. त्वचेवर चट्टे, पाठीवरचा पर वाकलेला. चित्रपट पाहून हेलावलेल्या मुलांनी पत्रे लिहिली, पैसे पाठवले. १९९६मध्ये त्याला ओरेगॉनला, तर १९९८मध्ये आइसलँडच्या समुद्रात नेण्यात आले. २००२मध्ये तो मोकळा झाला आणि पोहत नॉर्वेला पोहोचला. तिथेही माणसांच्याच जवळ राहिला. डिसेंबर २००३मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला.