घट, अंधार आणि नाट्यगृहाच्या पायऱ्या

‘आमच्या गावात व्हीलचेअरवरचं माणूस नाटकाला येतंच कुठं? मग उतार, रुंद दाराचं स्वच्छतागृह हा खर्च कशाला?’ नगरपालिकेच्या इमारतींचा विषय निघाला की तालुक्याच्या गावात हे हमखास ऐकू येतं. बोलणारे दुष्ट नसतात. वेळ आलीच तर चार पोरं खुर्ची उचलून वर नेतील, असं ते मनापासून सांगतात, आणि पोरं नेतातही. म्हणूनच हा पूर्वपक्ष नीट तपासायला हवा.

त्यातला तर्क एवढाच: दिसत नाहीत, म्हणून नाहीत. भारतीय तत्त्वज्ञानातल्या भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे अभाव जाणण्याचं प्रमाण मानलं, पण अट घालून. घट असता तर दिसलाच असता, अशी स्थिती असेल तरच तो न दिसण्यावरून ‘घट नाही’ म्हणता येतं. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्या अटीत बसणारं न दिसणं म्हणजे योग्यानुपलब्धी. नाट्यगृहाच्या दाराशी सहा पायऱ्या असतील, तर व्हीलचेअरवरची बाई आत दिसणारच नाही, मग ती शेजारच्या गल्लीत का राहत असेना. इथे पायऱ्या हाच अंधार आहे.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली, लोकसंख्येच्या सुमारे २.६ टक्के. हीच सरासरी धरली तर पन्नास हजारांच्या गावात तेराशे माणसं होतात. अपंगांच्या हक्कांच्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले ते २०१६ साली, म्हणजे या मोजणीनंतर. गुडघे धरून चढणारे म्हातारे तर यात धरलेलेच नाहीत.

आता उचलून नेण्याबद्दल. नेणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याला उचललं जातं त्याला येताना, मध्यंतरात आणि निघताना कुणाला तरी हाक मारावी लागते. स्वच्छतागृहाचं दार खुर्चीपेक्षा अरुंद, म्हणून बाई दुपारपासून पाणी पीत नाही. परक्या पुरुषांचे हात अंगाला लागणार, म्हणून बेत रद्द करते. नाटक आवडलं नाही तर मध्येच उठून जाण्याची जी मुभा इतर प्रत्येक प्रेक्षकाला असते, ती तिला नाही. तिला आत पोचवलं म्हणजे ती स्वतः आली, असं मला म्हणता येत नाही.

‘बांधला होता की उतार, कुणी वापरला नाही,’ असंही सांगतात. उताराचं प्रमाण १:१२ हवं. पंधरा सेंटिमीटरच्या सहा पायऱ्या म्हणजे ९० सेंटिमीटर उंची. तेवढ्या उंचीला जवळपास ११ मीटर लांबीचा उतार लागतो. तीन मीटरांत उरकलेल्या उतारावरून खुर्ची मागे उलटू शकते. लोक तो वापरत नाहीत, यात त्यांचा शहाणपणा दिसतो.

राहिला शेवटचा आक्षेप: दवाखाना, कचेरी ठीक, पोहणं, नाटक, बाग ही चैन. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात जखमी झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गला त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवलं. पदक सोडून द्या. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, आणि ज्याचे पाय चालत नाहीत त्याला त्याची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे. २०१६च्या कायद्यातलं २९वं कलम मनोरंजनाबद्दल आहे, ३०वं खेळांबद्दल. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला ४५व्या कलमाने दिलेली पाच वर्षं जून २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे किमान निकष नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

म्हणून नगरपालिकेने पुढच्या अंदाजपत्रकाआधी प्रत्येक इमारतीची मापं घ्यावीत, आणि व्हीलचेअर किंवा पांढरी काठी वापरणाऱ्यांना सोबत घेऊनच घ्यावीत. बागेच्या दाराशी दुचाकी अडवायला लावलेले नागमोडी गज खुर्चीलाही अडवतात, हे मापं घेणाऱ्यांना पहिल्या मिनिटात कळेल. आणि नाट्यगृहात मापं घेताना प्रेक्षागृहापाशी थांबू नये. रंगमंचावर जायलाही उतार हवा, कारण त्या तेराशेंमध्ये नटही असतील.